राणीचा उपास

बाई ओठांसमोर चिमूट धरायच्या, हवेत किल्ली फिरवायच्या आणि ती कुणाला न दिसणारी किल्ली पांढऱ्या साडीच्या कमरेला खोचायच्या. “तोंडाले कुलूप,” एवढंच म्हणायच्या. झालं. समोरची बाई मग ऑपरेशन होईपर्यंत पाण्याचा थेंबही घेत नसे. मी तर असं पाहिलंय की बाईंनी कुलूप लावलं की त्या घरचं कुत्रंसुद्धा भाकरीकडे पाठ करून बसायचं.

तुम्हीही कुठल्या ना कुठल्या सरकारी दवाखान्यात अशी एखादी नर्सबाई पाहिली असेल. आमची सिस्टर मानोऱ्याच्या आसपासच्या तांड्यांवर कुटुंबनियोजनासाठी फिरायची आणि मी आरोग्य खात्याच्या जीपवर ड्रायव्हर. दोघांची उभी नोकरी त्या एका जीपमध्ये गेली. जीप एवढी म्हातारी, की चढ लागला की मी खाली उतरून तिची समजूत काढायचो. एकदा ब्रेक गेले तर ती तडक चिंचेच्या झाडावर चढली आणि उतरताना टोपलंभर चिंचा घेऊन उतरली. ही हकिकत मी कुणालाही सांगितली तरी लोक माना डोलावतात. बाई मात्र स्वतः त्या जीपमध्ये बसलेल्या, त्यामुळे त्या म्हणायच्या, “भाऊ, यातलं पानी काढा अन् मंग सांगा.”

बोलण्यापेक्षा त्यांचा हातवाऱ्यांवर भरवसा जास्त. तांड्यावर गेल्या की आधी दोन बोटं वर करायच्या. म्हणजे लेकरं दोन, बस. पहिल्यांदा एका तांड्यावर त्यांनी अशी दोन बोटं वर केली, तर एक म्हातारा लगबगीनं उठला आणि पाण्यानं भरलेला लोटा आणून त्यांच्या हाती दिला. शेताकडे बोट दाखवून म्हणाला, तिकडं आडोसा आहे. बाईंनी लोटा घेतला, त्यातलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं आणि भाषण पुढे चालू केलं. त्या म्हाताऱ्याच्या दोन्ही सुनांनी त्याच हंगामात ऑपरेशन करून घेतलं.

कुलपामागे मात्र कारण होतं. नोकरीच्या सुरुवातीच्या एका कॅम्पात एका पोरसवदा बाईनं ऑपरेशनच्या आधी लपून भाकरी खाल्ली होती. उपाशी आहेस ना म्हणून विचारलं तर हो म्हणाली. टेबलावर ओकारी आली, ती श्वासाच्या नळीत गेली, आणि बाईंनी तिला पालथी करून, पाठीवर मारून मारून परत आणली. तेव्हापासून बाईंचा शिरस्ता असा, की ज्या तांड्यावरून बायका कॅम्पाला निघायच्या तिथं आदल्या दिवशी मुक्काम करायचा आणि त्यांच्यासोबत स्वतःही उपास धरायचा. “तुमी उपाशी तं मी बी उपाशी,” म्हणायच्या. बायका मनातून मानायच्या ते यासाठी. सरकारची माणसं पुष्कळ येतात, पण सोबत उपाशी राहणारं कोण येतं?

बायका आणखी एक विचारायच्या, बाई, तू स्वतः केलं का? मग बाई पदर बाजूला करून टाके दाखवायच्या. एका मुलीनंतर त्यांनी स्वतःचं ऑपरेशन करून घेतलं होतं. दुसऱ्याला सांगायचं ते आधी आपल्या पोटावर. नवऱ्याला मुलगा पाहिजे होता. त्यानं काही भांडण केलं नाही, कारंज्याकडं दुसरं घर केलं आणि तिथंच राहिला. बाईंनी त्याबद्दल एकदाच तोंड उघडलं, तेही जीपचं पंक्चर काढता काढता. म्हणाल्या, “त्याचं बी बरोबर असंल. माह्यं बी बरोबर होतं.” आणि मला पाना दिला.

मुलगी मोठी झाली, शिकली, पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीला लागली. हसरी पोरगी. मी तिला लहानपणी जीपच्या बॉनेटवर बसवून सांगायचो की ही जीप रात्री दूध देते, म्हणून सकाळी दमलेली असते. ती आईला जाऊन विचारायची, खरंच का. ती पोरगी गेली. पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात नेली, अपेंडिक्स फुटलं होतं, ऑपरेशन झालं आणि ती शुद्धीवर आलीच नाही. बाई तेव्हा तिच्याजवळ होत्या.

पुण्याहून बाई ट्रॅव्हल्सनं परत आल्या तेव्हा मी स्टँडवर गेलो होतो. पोरीचं सामान म्हणजे एक बॅग आणि एक झाकणाची टोपली. टोपलीत पांढराशुभ्र ससा. पोरीनं खोलीवर पाळलेला. नाव राणी.

आता राणीबद्दल मी काय सांगावं? पहिल्या आठवड्यात तिनं घरातलं कॅलेंडर खाल्लं, म्हणजे बाईंच्या घरी महिना लागायचाच थांबला. मग चपलेचे पट्टे, मग मोबाइलचं चार्जर, मग दाराच्या पडद्याची खालची वीतभर पट्टी. मानोऱ्यातले विजेचे खांब तेवढे शाबूत राहिले, ते सिमेंटचे होते म्हणून. आणि आमच्या कडक सिस्टर, ज्यांच्या धाकानं डॉक्टर लोक चहाचा कप स्वतः विसळायचे, त्या जमिनीवर बसून म्हणायच्या, “राणी बेटा, पडदा कडू लागते, हे मेथी पाहा.” त्या घरात ‘बेटा’ हा शब्द पुन्हा ऐकू आला म्हणून आमची मंडळी शेजारच्या आमच्या घरात, भिंतीपलीकडे, पदर डोळ्यांना लावायची.

मग बाईंच्या मनानं घेतलं की राणीला एकटं वाटतं. कारंज्याच्या बाजारातून आम्ही एक काळी सशीण आणली. विकणाऱ्यानं सांगितलं, मादी आहे, घरात दुसरी मादी असेल तर दोघी बहिणीसारख्या राहतील. काळीच्या बाबतीत तो खरं बोलला. घोटाळा राणीत होता. आयुष्यभर बाळंतपणं केलेल्या या बाईनं राणीची शेपटी एकदासुद्धा वर करून पाहिली नव्हती. मी नंतर विचारलं, काहून नाही पाहिलं, सिस्टर? तर म्हणाल्या, “पोट्टीनं राणी म्हटलं तं राणी. मी कायले तपासू?”

तर एका सकाळी पिंजऱ्यात केसांचा ढीग आणि त्यात वळवळणारी गुलाबी पिल्लं. सगळी गल्ली लोटली. मी म्हणतो, त्या दिवशी मंगरूळपीरवरून लोक टेम्पो करून पाहायला आले. शेजारचा किराणावाला म्हणाला, “सिस्टर, जिल्ह्याचे पाळणे थांबवले तुमी, अन् घरचाच हालून राह्यला.” बाई म्हणाल्या, “तुमाले समजावता समजावता माह्ये केस पिकले, हे तं मुकं जनावर हाय.” आणि हसल्या. पोरगी गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं, म्हणून सांगतो. ती पिल्लं थोडी मोठी झाल्यावर बाईंनी घरं पारखून वाटून टाकली, आणि प्रत्येकाला सोबत तासभराचं भाषण दिलं.

पण पुढचा पाळणा टाळायचा तर राणीला आणि काळीला वेगळं ठेवणं आलं. बाईंनी खोलीच्या मधोमध जाळी ठोकली. राणीनं (नर निघाला तरी नाव बदललं नाही) ती जाळी कुरतडून ओठ रक्तबंबाळ करून घेतले. भिंतींवर मुताच्या धारा सोडल्या. काळी पलीकडून नाक लावून बसायची. दोघंही खाईनात. बाई मला म्हणाल्या, “एका घरात दोन जीव अन् मधात जाळी. हे म्या एकदा भोगलं हाय, भाऊ. यायले नाही भोगू देत.” म्हणजे ऑपरेशन. नराचं करायचं, जाळी काढायची, दोघांना सोबत म्हातारं होऊ द्यायचं. याहून शहाणा विचार मलाही सुचला नसता, आणि मला तर काहीही सुचतं.

गावच्या गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. भला माणूस. त्यांनी बैल खच्ची करायचा चिमटा काढून टेबलावर ठेवला आणि शेजारी राणीला ठेवलं. चिमटा राणीपेक्षा मोठा. डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, यानं ससा नाही, सशाचं खानदान जाईल. अकोल्याला एक मॅडम आहे, कुत्र्या-मांजरांचं करते, सशाचंही करते. तिकडे जा.”

अकोल्याच्या मॅडम फोनवर फार नीट बोलल्या. बाईंनी फोन स्पीकरवर ठेवला होता, मीही ऐकलं. मॅडम म्हणाल्या, सशाला उपाशी ठेवायचं नाही. ससा ओकू शकत नाही, त्यामुळे ती भीती नाही. त्याचं पोट मात्र सतत चालू लागतं, एकदा थांबलं की सुरू करणं कठीण. येईपर्यंत खाऊ द्या, आणि शुद्धीवर आल्यावर लगेच द्यायला त्याच्या आवडीचं काही सोबत आणा. बाई प्रत्येक वाक्याला ‘हो मॅडम’ म्हणत होत्या. मी घरी येऊन बांधावरची कोवळी हरळी कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि सकाळी व्हॅनमध्ये ठेवली. निवृत्तीनंतर घेतलेली माझी जुनी व्हॅन, जीपचीच धाकटी बहीण.

अकोल्याला पोचेपर्यंत बाई टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना मंगरूळपीरच्या पुढे एक लांबलचक थाप ऐकवली, एका सशानं बिबट्याला कसं कर्जात बुडवलं ती. नेहमीसारखं पाणी काढा म्हणाल्या नाहीत. मला वाटलं काळजी.

गाडी लावून मी दवाखान्यात शिरलो तेव्हा मॅडम विचारत होत्या, “सकाळी खाल्लं ना त्यानं?”

“हो,” बाई म्हणाल्या. “पोटभर.”

ऑपरेशन चांगलं झालं. टाका बारीक, रक्त नाही. मॅडमनी राणीला शुद्धीवर आलेला पाहूनच सोडलं, पुन्हा सगळं समजावलं. परतीच्या वाटेवर मी हरळीचं फडकं पुढे केलं, तर बाईंनी ते हळूच बाजूला सारलं आणि पोरकटपणे हसल्या. तेव्हा सांगितलं त्यांनी. आदल्या संध्याकाळीच वाटी उचलली होती. पाणीसुद्धा. राणीसमोर चिमूट धरून किल्ली फिरवली होती आणि स्वतःही चहा घेतला नव्हता. “मॅडम हुशार हाय, पन पोरगी हाय. पुस्तकातून शिकली. म्या लोकायच्या नरड्यातून घास काढले हायेत. उपाशी पोटी ऑपरेशन केलं म्हनून कोनी मेलं, असं पाह्यलं का तुमी?”

नव्हतं पाहिलं. खरंच नव्हतं. ज्या बाईच्या हाताखालून जिल्हाभरच्या बायका जिवंत घरी गेल्या, तिला मी, थापा मारणारा ड्रायव्हर, काय सांगणार? तरी एवढं म्हणालो, की आता तरी खाऊ द्या, मॅडमनी लगेच द्यायला सांगितलंय.

“आधी वारा सरू द्या,” बाई म्हणाल्या.

तुमच्या घरात कुणाचं पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर तुम्हाला माहीत असेल. पेशंटला वारा सरल्याशिवाय तोंडात काही देत नाहीत. बाईंनी हजारोंना तसंच सांभाळलं होतं. घरी आल्यावर त्या राणीजवळ पांढरं फडकं अंथरून बसल्या आणि लेंड्या पडायची वाट पाहू लागल्या. लेंडी पडली की खाऊ घालायचं. आणि सशाचं उलटं. खाल्लं तरच लेंडी पडणार. बाई लेंडीसाठी थांबल्या, राणी घासासाठी, आणि दोघांच्या मध्ये ते फडकं पांढरंच्या पांढरं राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर राणी कोपऱ्यात पाठीची कमान करून बसला होता. पोट ढोलकीसारखं ताणलेलं. दात कराकरा वाजवत होता. बाईंनी मेथी त्याच्या नाकाशी धरली होती, आता त्याला ती नको होती. जाळीपलीकडून काळी पाहत होती. बाई नर्स होत्या, त्यांना माझ्याआधी कळलं होतं. त्यांनी स्वतः फोन लावला. मॅडमनी काय काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. बाईंचं ऐकू आलं. “नाही, खाल्लं नव्हतं. मी खोटं बोलली.”

मॅडम रागावल्या नाहीत, असं बाईंनी फोन ठेवून सांगितलं, आणि हेच फार वाईट झालं. ताबडतोब निघा म्हणाल्या होत्या.

मी व्हॅन अशी पळवली की तिची जीपवाली बहीण भंगारातून उठून टाळ्या वाजवती. बाई मांडीवर राणीचं पोट गोल गोल चोळत होत्या, पिचकारीनं ओठांच्या कोपऱ्यातून पाणी सोडत होत्या, ते बाहेर ओघळत होतं. “बायका माह्याशी खोटं बोलायच्या,” बाई स्वतःशीच म्हणाल्या, “खाल्लं असून नाही म्हणायच्या, त्यायच्यावर मी किती ओरडली.” मंगरूळपीर मागे पडलं. थोड्या वेळानं त्यांचा चोळणारा हात थांबला.

“गाडी वळवा, भाऊ.”

घरी परसात पपईच्या झाडाखाली मी खड्डा केला. मग हात धुऊन आत आलो आणि आयुष्यातली सगळ्यात साधी थाप मारली. अतिशयोक्ती नाही, झाडावर चढणारी जीप नाही. म्हणालो, सिस्टर, मॅडमशी मी बोललो, त्या म्हणाल्या की राणीचं काळीज जन्मापासूनच कमजोर होतं, काहीही केलं असतं तरी हेच होणार होतं.

बाईंनी मान वर केली.

“यातलं पानी काढलं तं काही राह्यत नाही, भाऊ,” त्या म्हणाल्या. मग भिंतीला टेकून बसल्या आणि जे बोलल्या ते मी जसंच्या तसं लिहितो, त्यात माझी एक मात्रा नाही.

“पोट्टीनं चहा मागतला होता. आत न्यायच्या आधी. आई, दोन घोट दे, म्हने, घसा सुकला. मी किल्ली फिरवली. ती हासली. लहानपनापासून पाह्यत आलेली ना. हासत हासतच गेली आत. दोघायलेही म्याच उपाशी धाडलं.”

मी म्हणालो, तेव्हाचं तुमचं बरोबर होतं, सिस्टर. कोणत्याही डॉक्टरनं तेच केलं असतं.

“बरोबर होतं तरी गेली. चुकलं तरी गेला. मंग मी शिकली काय, भाऊ?”



त्यानंतर त्या घरात चूल पेटलेली आम्हाला दिसली नाही. आमची मंडळी डबा पाठवायची, तो धुऊन परत यायचा, आणि परसातल्या कावळ्यांनी अंग धरलेलं पाहून आम्ही काय ते समजलो. मंडळी एकदा समोर बसून जेवू घालायला गेली. बाईंनी घास तोंडापर्यंत नेला, खाली ठेवला आणि म्हणाल्या, “उतरत नाही वो वहिनी. मी काही नाटक नाही करून राह्यली.” मग एके दिवशी किन्हीराजाहून त्यांचा भाऊ आला, बॅग भरली, आणि बाई काळीला माझ्या ओंजळीत देऊन गाडीत बसल्या. पिल्लं देताना तासभर भाषण देणाऱ्या बाईंनी खायला काय घालायचं तेही सांगितलं नाही.

काळी आमच्याकडे नीट राहिली. मग मध्येच तिनं आपल्या पोटाचे केस उपटायला सुरुवात केली. मूठमूठ उपटायची, खोक्यात नेऊन रचायची. पोट उघडं गुलाबी पडलं आणि खोक्यात काळं मऊ घरटं झालं. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी आशेनं वाकून वाकून पाहत राहिलो. काही झालं नाही. शेवटी अकोल्याच्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, कधी कधी सशिणीला नुसतंच तसं वाटतं, पोटात काही नसतं. ती घरटं करते, थोडे दिवस बसते, मग सोडून देते. मॅडमनी बाईंबद्दल विचारलं. मी बरं आहे म्हणालो.

त्याच आठवड्यात किन्हीराजाला गेलो. बाई भावाच्या ओसरीत बाजेवर होत्या. हाडाला कातडं चिकटवल्यासारख्या. भावजयीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, सलाईन लावतो, सुई काढून टाकतात. मी बाजेशेजारी बसलो आणि बोललो. काळी व्याली, सिस्टर. सगळी पिल्लं जिवंत आहेत. एक पांढरं आहे, अस्सल राणीसारखं. माझ्या धोतराच्या सोग्यात झोपतं. मी धोतर नेसत नाही, हे बाईंना चांगलं माहीत होतं. मी मुद्दाम ते घातलं होतं, त्यांनी पकडावं म्हणून. त्यांनी पकडलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

“दूध पितात?” त्यांनी विचारलं.

पितात, मी म्हणालो.

“पिऊ द्या. ज्याले जवा पाह्यजे तवा.” मग डोळे मिटूनच म्हणाल्या, “मधात कोनी येऊ नका.”

भावाचा फोन आला तेव्हा मी काळीला हरळी टाकत होतो. तिनं घरटं सोडलं होतं, केस खोक्यात तसेच पडून होते. भाऊ म्हणाला, गेली. शेवटी चमच्यानं पाणी घालून पाहिलं, तेही बाहेर आलं. मी बरं म्हणालो. फोन ठेवला. काळी भराभर खात होती. जबडा थांबत नव्हता. मी तिच्यासमोर आणखी हरळी टाकली, आणि मग आणखी.